गावातली कुत्री, वाड्यावरची कुत्री आणि गोचीड

एखादा मनुष्य पाठ सोडीनासा झाला, की तो गोचिडासारखा चिकटला आहे असे आपण सहज म्हणून जातो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातही या प्राण्याचा दाखला आहे. कासेला डसलेल्या गोचिडाच्या तोंडाशी दूध असते, पण तो दूध सोडून रक्तच पितो, असा त्याचा आशय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांनाही हा प्राणी समजावून सांगावा लागत नव्हता. तथापि ही ओळख बहुतेक गाईम्हशींपुरतीच राहिली. गुरांचा गोचीड शेतकरी ओळखतो, हाताने काढतो, त्यावर औषध मारतो, कारण त्याचा हिशेब थेट दुधात लागतो. कुत्र्याच्या गोचिडाचा हिशेब कोणी मांडीत नाही. उंबऱ्याबाहेर भाकरीच्या तुकड्यासाठी बसलेल्या कुत्र्याच्या कानात मोहरीपासून एरंडीपर्यंत सर्व आकाराचे दाणे लगडलेले दिसतात. आपण तुकडा टाकतो आणि दार लावून घेतो.

आपल्या न्यासाच्या सभासद कुटुंबांत दारच्या कुत्र्याला रोज घास घालणारी पुष्कळ घरे आहेत. बेळगाव शहरात तशी आहेत आणि खानापूर-चंदगडकडच्या गावांतून तर घरोघर आहेत. ही रीत चांगली आहे व ती राहावी. परंतु ज्या प्राण्याला आपण रोज जवळ बोलावतो, त्याच्या अंगावर काय आहे, ते आपल्या घरात येऊ शकते काय, आणि उन्हाळ्याच्या तोंडी गल्लीतली पिल्ले एकामागून एक का मरतात, हेही त्या घरांनी जाणले पाहिजे. पिल्लू मेले की "उन्हाळा बाधला" असे म्हणून विषय संपतो. पुष्कळदा तो उन्हाळा नसतो.

गोचीड हा किडा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. किड्याला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ असतात. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, आणि ते इतके बारीक असते की केसांत धुळीचा कण अडकला आहे असे वाटावे. त्याला डोके म्हणावे असे वेगळे डोके नाही. पुढे करवतीसारखी उलट दातांची एक सोंड असते, ती कातडीत रुतली की मागे ओढून सहज निघत नाही. कित्येक जाती भोवती लुकणासारखा चिकट द्रव सोडून ती जागच्या जागी पक्की करितात. लाळेत रक्त गोठू न देणारी व चाव्याची जागा बधिर ठेवणारी द्रव्ये असतात. म्हणूनच डास चावला की हात आपोआप तिकडे जातो, पण गोचीड चावून दोन दिवस झाले तरी पत्ता लागत नाही.

डोळ्यांचे काम त्याचे पुढचे दोन पाय करितात. त्या पायांच्या टोकाशी एक खळगी असते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कर्बवायू, अंगाची ऊब व वास हे सर्व त्या खळगीला कळते. भुकेलेला गोचीड भिंतीवर किंवा गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतो. तो उडी मारू शकत नाही, उडू शकत नाही. झाडावरून तो अंगावर पडतो ही समजूतही बहुधा चुकीची आहे. तो खालून पायाला लागतो व चढत जातो. मानेवर सापडला म्हणून वरून पडला असे आपणांस वाटते.

आपल्याकडील कुत्र्यांच्या अंगावर जो तपकिरी गोचीड सर्वाधिक दिसतो, त्याला लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०६ साली ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस हे नाव दिले. अलीकडे त्याची छाननी होऊन उष्ण प्रदेशातला प्रकार वेगळा मानावा असे ठरत आले आहे व त्याला ऱ्हिपिसेफॅलस लिनाई म्हणतात. नाव कोणतेही घ्या, त्याची एक खोड आपल्या कामाची आहे. गुरांवरचा नेहमीचा गोचीड पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्याचा गोचीड तसे करीत नाही. तो आयुष्यात तीनदा चढतो व तीनदा उतरतो. अंड्यातून निघालेले पिल्लू कुत्र्यावर चढून तीन-चार दिवस ते आठवडाभर रक्त पिते, गळून पडते, कोठे तरी फटीत जाऊन कात टाकते आणि आठ पायांचे होऊन बाहेर येते. मग दुसरा कुत्रा, किंवा तोच कुत्रा. पुन्हा रक्त, पुन्हा गळणे, पुन्हा कात. तिसऱ्या खेपेस तो प्रौढ होऊन येतो. मादी एक ते तीन आठवडे रक्त पीत राहते. तीन मिलिमीटरची मादी फुगून बारा मिलिमीटरपर्यंत जाते, रंग तपकिरीचा करडा-निळसर होतो, आणि दिसायला थेट एरंडाच्या बीसारखी होते. हे साम्य प्राचीन रोमन लोकांच्याही नजरेत भरले होते. लॅटिन भाषेत गोचिडाला जो शब्द आहे, रिसिनस, तोच एरंडाच्या झाडाच्या शास्त्रीय नावात आहे.

तट्ट फुगलेली मादी गळून पडली की ती मेली असे समजून कोणी पायाखाली चिरडतो, कोणी तिच्याकडे पाहतही नाही. ती मेलेली नसते. ती सरपटत भिंतीपाशी जाते आणि वर चढते. वर चढणे ही या जातीची विशेष आवड होय. खिडकीच्या चौकटीमागे, तुळईच्या सांध्यात, सुटलेल्या गिलाव्याच्या पापुद्र्यात, पायरीच्या दगडाखाली ती जागा धरते व हजार-दोन हजार, कधी चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मग मरते. उबेच्या दिवसांत ती अंडी सुमारे तीन आठवड्यांत फुटतात, आणि अनुकूल हवेत अंडे ते अंडे हा सगळा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. शंभरातले एक पिल्लू जगले असे धरले, तरी एका मादीमागे दहा ते चाळीस गोचीड होतात. उलट प्रौढ गोचिडाला कुत्रा मिळाला नाही तर तो वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ उपाशी जगतो. वर्षभर बंद असलेल्या वाड्याचे दार उघडून आत गेलेल्या मंडळींच्या पायांवर गोचीड चढले, अशी हकीकत कोणी सांगितली तर ती अतिशयोक्ती समजू नये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणत्याही क्षणी कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण कुळाचा लहानसा भाग असतो. बाकीचे घराच्या, गोठ्याच्या, पायरीच्या फटींत आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. कुत्रा स्वच्छ करून पुन्हा त्याच जागी बांधला तर चार दिवसांत मूळपदावर येतो, त्याचे कारण औषध वाईट होते हे नव्हे.

आता दोन प्रकारच्या कुत्र्यांकडे पाहू. गल्लीतल्या बेवारस कुत्र्याच्या जागा ठरलेल्या असतात. दिवसा बंद दुकानाच्या फळीखाली, दुपारी उभ्या ट्रकखाली, रात्री अर्धवट बांधलेल्या इमारतीत, आणि व्यालेली कुत्री तर एकाच कोनाड्यात पाच-सहा आठवडे पिल्ले घेऊन पडून असते. भटका म्हणून आपण त्याला नाव ठेवतो, पण दोन-तीन गल्ल्यांपलीकडे तो क्वचितच जातो. गोचिडाला नेमके हेच हवे असते. जेथे गळून पडावयाचे तेथेच पुन्हा कुत्रा येऊन झोपणार, अशी खात्रीची जागा. त्या कोनाड्यातल्या पिल्लांचे जे होते ते पाहवत नाही. पिल्लाच्या अंगात रक्त किती असावयाचे? शंभर-दीडशे गोचीड एकाच वेळी लागले तर कोणताही रोग न होताही ते रक्त आटून मरू शकते. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, ते आईला पिण्याइतकेही उठत नाही. हेच ते उन्हाळा बाधलेले पिल्लू.

धनगराच्या कुत्र्याचे जीवन याच्या अगदी उलट. दसरा-दिवाळी झाली की कोरड्या पठारावरची मेंढरे घाट उतरून कोकणाकडे वा पश्चिमेच्या हिरव्या मुलखाकडे निघतात आणि मृगाच्या आधी माघारी येतात. मुक्कामाला त्यांचा वाडा पडतो तो आज एका शेतात, चार दिवसांनी दुसऱ्या. शेतकरी खतासाठी मेंढरे बसवून घेतो, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. वाघर लावून आत कोकरे ठेवितात व बाहेर कुत्री रात्रभर जागतात, कारण लांडगा आहे, बिबट्या आहे आणि चोरही आहे. हे कुत्रे एका जागी राहत नाही, त्यामुळे त्याच्या अंगावरून गळलेली तपकिरी गोचिडाची मादी मागेच राहते व तिची पिल्ले उपाशी मरण्याचा संभव अधिक. या एका बाबतीत भटकणे हेच त्याचे औषध होय.

पण त्याला दुसरे संकट आहे. मेंढ्यांच्या आणि झुडपांच्या संगतीने त्याला वेगळ्या जातीचे गोचीड लागतात. हीमॅफिसॅलिस बायस्पायनोसा नावाचा लहान, लालसर गोचीड शेळ्यामेंढ्यांवर असतो तसाच कुत्र्यावरही चढतो. दाट रानातून जावे तर तेथले आणखी निराळे. मुक्काम बदलला की जुन्या वाटेवरचे गोचीड सुटतात आणि नव्या वाटेवरचे मिळतात. शिवाय हे कुत्रे मेंढ्यांच्या औषधाच्या दिवशी बाजूलाच राहते. मेंढरांना औषध पाजले, अंगावर फवारले, कुत्र्याकडे लक्ष नाही. किंवा मग उरलेले मेंढ्यांचे औषध अंदाजाने कुत्र्याला दिले जाते. यातले दुसरे पहिल्याहून वाईट, त्याविषयी पुढे लिहितो.

धनगर आपल्या कुत्र्याला जीव लावीत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. खंडोबाच्या मूर्तीपाशी कुत्रा असतो, त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवितात, आणि वाड्यावर भाकरी थापताना कुत्र्याची भाकरी वेगळी धरलेली असते. उणीव प्रेमाची नाही. औषध मिळेल अशा गावापासून वाडा लांब असतो, आणि पशुवैद्याच्या दवाखान्यात मेंढरू न्यावे, कुत्रा कशाला, असा एक संकोच असतो.

याच मुलखातला मुधोळचा शिकारी कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. घोरपड्यांच्या त्या संस्थानाने तो जोपासला, २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि पुढे सैन्यातही तो प्रशिक्षणासाठी घेतला गेला. त्याची कातडी तलम व केस आखूड असल्यामुळे गोचीड लगेच दिसतात. दाट केसांच्या, हौसेने पाळलेल्या परदेशी कुत्र्यांत ते दिसत नाहीत, बोटांनी चाचपडावे लागतात. बंगल्यातल्या कुत्र्याला गोचीड नसतात हा समज ज्यांचा असेल त्यांनी एकदा कानाची पाळी उलटून पाहावी.

रक्त पिणे एवढाच गोचिडाचा अपराध असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. तो एका जनावराचे रोगजंतू दुसऱ्यात नेतो. रोग असा चावणाऱ्या क्षुद्र प्राण्यामार्फत पसरतो हे सस्तन प्राण्यांच्या बाबतीत प्रथम निर्विवाद सिद्ध झाले ते गोचिडावरूनच. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांच्या तापाविषयीचे आपले संशोधन १८९३ साली प्रसिद्ध केले. मलेरिया आणि डास यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी आपल्या देशात दाखविला तो त्यानंतर, १८९७ साली.

कुत्र्यांच्या या रोगांच्या इतिहासात आपल्या देशाचे नाव वारंवार येते. हेपॅटोझून नावाचा रक्तातला जंतू जेम्स यांनी १९०५ साली भारतातल्या कुत्र्यांत पाहून नोंदविला. याची तऱ्हा निराळी आहे. हा जंतू चाव्यातून जात नाही. कुत्रा अंग चाटताना किंवा चावताना गोचीड गिळतो, तेव्हा तो पोटातून शिरतो. पॅटन यांनी १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या व पुढे कोल्ह्याच्या रक्तात जो जंतू शोधला, तो आज बबेसिया गिब्सोनी या नावाने ओळखला जातो. तो तांबड्या रक्तपेशींत शिरून त्या फोडतो. ताप, अशक्तपणा, पिवळी पडलेली त्वचा, कधी गडद चहासारखी लघवी. या जंतूचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. कुत्र्यांच्या मारामारीत, चाव्याच्या जखमेतून रक्ताला रक्त लागले तरी तो पसरतो. गल्लीतल्या नरांची भांडणे या दृष्टीनेही महाग पडतात.

आज आपल्या दवाखान्यांतून ज्याचे नाव सर्वाधिक ऐकू येते तो अर्लिकियाचा ताप. अल्जीरियातील डोनातिएं व लेस्तोकार यांनी तो १९३५ साली ओळखला. पण त्याचे उग्र रूप जगाला कळले ते व्हिएतनामच्या युद्धात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याची दोनशेच्या वर कुत्री नाकातून रक्त वाहून दगावली, त्यांत अल्सेशियन जातीची फार. तपकिरी गोचीड चावल्यापासून काही तासांतच हा जंतू कुत्र्यात उतरतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, न खाणे, डोळ्यांतून पाणी एवढेच. मग कुत्रा सुधारल्यासारखा दिसतो. घरचे लोक निश्चिंत होतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो एके दिवशी शिंकतो आणि नाकातून रक्ताची धार लागते, कारण रक्त गोठविणाऱ्या पेशी दरम्यान आटून गेलेल्या असतात. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो. पण ते औषध सुमारे चार आठवडे पूर्ण द्यावे लागते. पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी खाऊ लागला म्हणून गोळ्या बंद करणारी घरे कमी नाहीत, आणि दवाखान्यात परत आलेली अशी कुत्री पहिल्या खेपेपेक्षा वाईट अवस्थेत असतात.

माणसाचे काय, हा प्रश्न स्त्रियांनी व आजोबा-आजींनी हमखास विचारावयाचा. कुत्र्याचा तपकिरी गोचीड माणसाला सहसा पसंत करीत नाही. पण कुत्रा हाताशी नसला, हवा फार तापली, किंवा मूल कुत्र्याजवळ लोळत असले, तर तो चावतो. आपल्या देशात त्याच्यामार्फत होणाऱ्या पुरळयुक्त तापाला भारतीय गोचीडताप म्हणतात. चार-पाच दिवस जोराचा ताप, सांधे व डोके दुखणे, आणि मग अंगावर उठणारे पुरळ, जे तळहात-तळपायांवरही येते. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या समजून दिवस जाण्याची भीती असते. अशा वेळी घरात कुत्रा आहे, त्याला गोचीड होते, किंवा मुलाच्या अंगावर गोचीड सापडला होता, हे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालावे. रक्ताच्या दहा तपासण्यांपेक्षा त्याचा उपयोग पुष्कळदा अधिक होतो.

गोचीड म्हटले की आपल्या भागात माकडतापाचे नाव निघते, म्हणून त्याचाही खुलासा करतो. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात माकडे मरू लागली तेव्हा उजेडात आला, आणि त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधून काढला. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात त्याची साथ झाली. तो पसरविणारा गोचीड रानातला, हीमॅफिसॅलिस स्पायनिजेरा नावाचा. दारच्या कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड नव्हे. त्या साखळीत माकडे, उंदरांसारखे लहान प्राणी आणि गुरे यांची नावे येतात, कुत्र्याचे नाव त्यात प्रमुख म्हणून येत नाही. तेव्हा माकडतापाच्या भीतीने दारची कुत्री हाकलण्यात अर्थ नाही. मात्र डिसेंबरपासून मेअखेर पाला, सरपण वा काजू वेचण्यासाठी रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि अंग तपासून स्नान करावे.

आता उपाय. प्रथम जे करू नये ते सांगतो, कारण नुकसान तेथेच अधिक होते. गोचिडावर रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे, मीठ-चुना-तंबाखू लावणे, जुने इंजिनचे तेल कुत्र्याच्या अंगाला चोळणे, हे सर्व प्रकार आजही चालतात. डिवचलेला गोचीड पोटातली लाळ उलट जखमेत सोडण्याचा धोका असतो, आणि रॉकेल व तेल कातडी भाजून, चाटले जाऊन कुत्र्याच्या पोटात जाते. पूर्वी घरोघर असणारी गॅमेक्झीनची पावडर, म्हणजे लिंडेन, आपल्या देशात बंद झाली आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नये. शेतातले कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे म्हणजे सरळ विषप्रयोग होय.

थोडे गोचीड असतील तर हाताने काढणे हाच उत्तम मार्ग. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी लागून धरावा, पोटाला धरू नये, आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढावा. निघालेला गोचीड बोटांत किंवा नखावर चिरडू नये, साबणाच्या पाण्यात वा स्पिरिटात टाकावा, मग हात धुवावेत. कोठे पाहावे? कानाच्या पाळीच्या आत, पापण्यांच्या कडेला, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, आणि जे बहुतेक विसरतात ते म्हणजे पायांच्या बोटांच्या बेचक्यांत. हे रोज केले तर बबेसियासारख्या रोगांपासून बराच बचाव होतो, कारण त्या जंतूला गोचिडातून उतरायला दोन-तीन दिवस लागतात. अर्लिकिया मात्र तेवढा धीर धरीत नाही.

गोचीड फार असतील तर औषध हवेच. मानेवर टाकावयाचे फिप्रोनिलचे थेंब, औषधी गळपट्टे, पाण्यात मिसळून लावावयाचे अमिट्राझ आणि २०१४ च्या सुमारास आलेल्या फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर यांसारख्या चघळण्याच्या गोळ्या असे प्रकार आहेत. गोळीने महिनाभर, काहींनी तीन महिने संरक्षण मिळते, पण गोचीड चावल्यावर मरतो, चावण्याआधी नव्हे. ज्या कुत्र्याला फेफरे येते त्याला या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तसा इशारा दिला आहे. अमिट्राझ लहान पिल्लांना लावू नये आणि ठरलेल्या प्रमाणाहून दाट करू नये. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला प्राणघातक ठरते. घरात दोन्ही प्राणी असतील तर बाटलीवरचे बारीक अक्षर वाचून घ्यावे, नाही तर कुत्रा वाचवताना मांजर जावयाचे.

मेंढ्यांच्या औषधाविषयी वर सूचित केलेच आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध फार गुणाचे, त्याच्या शोधासाठी कॅम्बेल व ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मेंढ्या-गुरांसाठी असलेले ते द्रावण अंदाजाने कुत्र्याला देणे धोक्याचे. विशेषतः कॉली व तत्सम मेंढपाळी जातींत एक आनुवंशिक दोष आढळतो, तो २००१ साली उलगडला. त्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा झिंगून, आंधळा होऊन, बेशुद्धीत मरतो. आपल्या धनगरी कुत्र्यांत तो दोष आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही, पण प्रमाण चुकले तर दोष नसलेला कुत्राही वाचत नाही. मोठ्या मेंढ्याचा डोस आणि वीस किलोच्या कुत्र्याचा डोस यांत पुष्कळ अंतर आहे.

औषधाइतकेच महत्त्व घराचे. कुत्रा झोपतो त्या जागेच्या भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, गोणपाट दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे, सांदीतला पालापाचोळा उचलावा. अंगणात कोंबड्या असतील तर त्या गोचीड टिपतात हे खरे, पण दोन हात उंचीवरच्या फटीत त्यांची चोच पोचत नाही. फवारणी करावयाची तर कुत्र्याच्या औषधाबरोबरच करावी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण मधल्या काळात अंडी फुटलेली असतात. एकदाच फवारून "औषधात दम नाही" म्हणणाऱ्यांनी ही अंडी मोजलेली नसतात.

राहिला बेवारस कुत्र्यांचा प्रश्न. त्यांना रोज चिमटा लावणार कोण? येथे अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातला अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथील आदिवासी वस्त्यांत मोकाट कुत्र्यांच्या तपकिरी गोचिडांमुळे माणसांत प्राणघातक पुरळताप पसरू लागला होता. २०१२ साली एका वस्तीतल्या कुत्र्यांना टिकाऊ औषधी गळपट्टे बांधले व घरांभोवती ठरावीक काळाने फवारणी केली. पुढच्या वर्षी त्या वस्तीत गोचीड असलेले कुत्रे शंभरात सुमारे एक सापडले, शेजारच्या वस्त्यांत चौसष्ट. एकेक कुत्रा नव्हे, सबंध वस्ती एकदम घेतली, म्हणून हे साधले.

आपल्याकडे तशी संधी कायद्यानेच येते. प्राणी जन्मनियंत्रण नियम २००१ साली झाले, २०२३ साली नवे आले. त्यांनुसार भटकी कुत्री धरून, नसबंदी व रेबीजची लस देऊन सोडण्याचे काम नगरपालिका व प्राणिसंस्था करितात. कुत्रा हातात सापडलेला असतो, भूल दिलेली असते, कान व पंजे पाहता येतात. त्याच वेळी गोचिडाचे औषध दिले तर वेगळे पकडण्याचा खर्च नाही. न्यासाच्या प्राणिसेवा निधीतून दरवर्षी फाल्गुनात, उन्हाळ्याच्या आधी, एका प्रभागासाठी एवढ्या औषधाची रक्कम बाजूला काढता येईल काय, हे कार्यकारी मंडळाने पाहावे. माझ्या मते पाच प्रभागांत थोडे थोडे वाटण्यापेक्षा एकच प्रभाग पुरता घ्यावा, कारण सुटलेल्या दहा कुत्र्यांच्या कोनाड्यांतून बाकीच्यांना पुन्हा गोचीड लागतात.

आणि धनगरांचे वाडे माघारी येतात ते वैशाख-ज्येष्ठात, शहराच्या कडेच्या माळांवरून. दोन दिवस मुक्काम असतो. तेवढ्यात पशुवैद्य घेऊन तेथे जाता येते. त्यांना दवाखान्यात बोलावू नये, आपणच जावे. कुत्र्याचे वजन पाहण्यासाठी ताणकाटा, चिमटे, साबणाच्या पाण्याचे डबडे आणि वजनाप्रमाणे औषध एवढे बरोबर असले की पुरे. कुत्रा धरण्याचे काम मालकाकडेच द्यावे, परक्याचा हात ही कुत्री मानीत नाहीत.